दहा ते सहा

केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मध्ये रात्र कधी सुरू होते आणि कधी संपते हे ठरवून दिलेलं आहे. रात्री 10 ते सकाळी 6. या आठ तासांत निवासी भागातला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये, दिवसा 55 च्या वर जाऊ नये, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा 40 असावी, असं तिथे लिहिलं आहे. मला हा नियम मनापासून आवडतो. झोपणाऱ्या माणसाचं देणं त्यात तासांत आणि आकड्यांत मांडलेलं आहे. माझी तक्रार एवढीच, की बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत हे देणं कुणी देत नाही.

पुढे ज्या गोष्टी मी मांडणार आहे त्यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ आहे. दाराची घंटा, गाडीचा रिव्हर्सचा भोंगा, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, पहाटेचा पाण्याचा पंप. यातल्या एकीसाठीही कुणी पोलीस चौकीची पायरी चढणार नाही. तक्रार केलीच, तर समोरचा माणूस शांतपणे एकच उत्तर देतो : सवय होते. उपनगरात हे वाक्य वडीलधारी माणसं सांगतात, सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात, घरमालक भाडेकरूला सांगतात. हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे, कारण ते वाक्य खरं नाही आणि ते खरं नसल्याचं मोजून दाखवता येतं.

त्यासाठी आधी झोप कशी बनलेली असते ते सांगायला हवं. झोप म्हणजे सलग, एकसारखी काळोखी अवस्था, असं फार काळ मानलं जात होतं. 1937 साली अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूच्या विद्युतलहरी कागदावर उतरवल्या आणि झोपेला पायऱ्या असतात हे दाखवलं. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली आणखी एक वेगळी अवस्था जगापुढे आणली. तिच्यात मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं भरभर हलतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका काम करतो आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. तिला ‘रेम’ झोप म्हणतात. बाकीच्या झोपेच्या आज तीन पायऱ्या मानतात : डोळा लागतो ती पहिली, स्थिर पण हलकी झोप ती दुसरी, आणि गाढ झोप ती तिसरी. पहिली ते तिसरी आणि मग रेम असा एक फेरा साधारण नव्वद मिनिटांचा असतो. रात्रीत असे चार ते पाच फेरे होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. हे फेरे सारखे नसतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात एकवटलेली असते. रेम झोप शेवटच्या तृतीयांशात, म्हणजे पहाटेच्या साखरझोपेच्या वेळी, सर्वांत जास्त असते. म्हणून ‘सहा तास तरी झोपलास ना?’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या वेळी उठवलं यावर काय गेलं ते ठरतं. बारा ते अडीचमध्ये मोडलेली झोप आणि चार ते साडेसहामध्ये मोडलेली झोप हे दोन वेगळे तोटे आहेत. माझ्या तक्रारी मी त्याच क्रमानं मांडते.

पहिल्या पायरीपासून सुरुवात करू. ही जेमतेम काही मिनिटांची असते. स्नायू सैल पडतात, विचारांची टोकं एकमेकांत गुंततात, कधी पाय एकदम झटकला जातो आणि माणूस दचकतो. एवढ्या हलक्या झोपेतून बाहेर यायला मोठा आवाज लागत नाही. साडेअकराला चुकीच्या विंगेत आलेल्या पार्सलची घंटा पुरते. घंटा वाजवणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला इमारतींच्या नावाच्या पाट्या दिसत नाहीत, कारण पाटीवरचा दिवा लावायचा खर्च सोसायटीला जड वाटतो. दोष पार्सल मागवून फोन बंद ठेवणाऱ्या माणसाचा आहे. तसाच दोष गाडी मागे घेताना देवाच्या आरतीची किंवा सिनेमातल्या गाण्याची धून वाजवणाऱ्याचा आहे. गाडी मागे येत आहे हे रात्री पावणेबाराला कुणाला कळवायचं असतं? पार्किंगमध्ये त्या वेळी वॉचमन सोडून कुणी नसतं, आणि वॉचमन तर त्याच्या मागे उभा राहून ‘आने दो, आने दो’ म्हणत असतो.

वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाबद्दलही इथेच लिहायला हवं. ती माणसं सज्जन आहेत. गणपतीत प्रसाद पाठवतात. त्यांची जेवणं उशिरा होतात आणि नंतर डायनिंग टेबलाच्या खुर्च्या जागेवर सरकवल्या जातात. खुर्चीच्या चार पायांना रबरी टोप्या लावायला फार पैसे लागत नाहीत. त्या लावल्या जात नाहीत, कारण वरून खाली जाणारा आवाज वरच्याला ऐकू येत नाही. उपनगरातल्या झोपेचा निम्मा प्रश्न या एका वाक्यात आहे.

दुसरी पायरी रात्रीच्या झोपेतला सर्वांत मोठा भाग व्यापते, जवळपास निम्मा. या पायरीत मेंदू झोपेची राखण करतो. बाहेर आवाज झाला की विद्युतलहरींच्या आलेखावर एक मोठी ठळक लहर उमटते. आवाज धोक्याचा नसेल, तर मेंदू झोप चालू ठेवतो. पण तो ऐकत असतोच. स्वतःचं नाव उच्चारलं तर झोपलेला मेंदू इतर नावांपेक्षा त्याला वेगळा प्रतिसाद देतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. संध्याकाळची बोरिवली लोकल पुरेशी आहे. चर्चगेटहून निघालेला माणूस दादर यायच्या आत पेंगतो. ‘पुढील स्टेशन’ ही घोषणा तीन भाषांत होत राहते, तो हलत नाही, आणि आपलं स्टेशन आलं की डोळे उघडून उठतो. त्याच्या मेंदूनं वाटेतली सगळी नावं ऐकून बाजूला ठेवलेली असतात. चौतीस किलोमीटरच्या प्रवासात मिळालेली ती अर्ध्या तासाची हलकी झोप अनेकांच्या दिवसातली एकमेव अखंड झोप असते.

आणि तीच खांद्याला हलवून मोडली जाते. ‘कुठे उतरणार?’ बसलेला माणूस कुठे उतरणार हे कळलं की त्याच्यापुढे उभं राहायचं की पुढच्या रांगेत सरकायचं हे ठरवता येतं, हे मला मान्य आहे. मीही घाटकोपरची आहे, गर्दी मला माहीत आहे. पण जागी माणसं त्याच बाकावर बसलेली असतात. त्यांना विचारावं. झोपलेल्याला उठवून त्यानं ‘बोरिवली’ असं सांगितल्यावर विचारणारा निघून जातो, आणि त्या माणसाला पुन्हा डोळा लागायला तीन स्टेशनं जातात. सीट मिळवण्याच्या खटपटीत झोपलेल्याला प्रश्न विचारू नये, हा संकेत लोकलमध्ये रुजायला हवा. चौथ्या सीटसाठी सरकायचं हा संकेत कुठल्याही कायद्याशिवाय रुजलाच ना?

तिसरी पायरी गाढ झोपेची. मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. वाढीचं संप्रेरक याच वेळी सर्वांत जास्त स्रवतं, रक्तदाब उतरतो, शरीर दुरुस्तीला लागतं. या झोपेतून उठवलेला माणूस कितीतरी वेळ बधिर असतो. फोनवर काय बोललो ते त्याला आठवत नाही. मुलांचं झोपेत चालणं, किंचाळत उठणं हे विकारही याच झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे होतात. अशा मुलाला गदागदा हलवू नये, हळूच अंथरुणाकडे वळवावं. दृष्ट काढण्याची गरज नसते, त्याची झोप अपुरी पडू न देण्याची असते.

साडेअकराला झोपणाऱ्या माणसाची गाढ झोप साधारण बारा ते अडीचच्या दरम्यान पडते. आता उपनगरातले बारा ते अडीच पाहा. पुनर्विकासाच्या इमारतींसाठी तयार काँक्रीट घेऊन येणारे मिक्सर रात्री येतात, कारण दिवसा अवजड वाहनांना रस्त्यावर बंधनं असतात. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचे गर्डर रात्री चढतात, कारण रस्ता तेव्हाच बंद करता येतो. यातलं प्रत्येक कारण बरोबर आहे. दिवसाची वाहतूक अडू नये म्हणून काम रात्री ढकललं, म्हणजे जो दिवसा गाडीत बसून खोळंबला असता त्याचा त्रास काढून जो रात्री अंथरुणात आहे त्याला दिला. ही अदलाबदल कुणीतरी विचार करून ठरवावी, झोपणाऱ्याला आधी कळवावी आणि तिला तारखेची मर्यादा घालावी, एवढंच माझं मागणं आहे.

वर आकाशातही तेच. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो, आणि मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपर, कुर्ला भागावरून खाली येतात. रात्री विमानं थांबत नाहीत. आमच्या भागात पाहुणे आले की पहिल्या रात्री दचकून उठतात, आणि आम्ही त्यांना तेच वाक्य सांगतो.

म्हणून त्या वाक्याचा हिशोब इथेच करते. युरोपातल्या चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या 140 लोकांचा रक्तदाब त्यांच्या घरात, झोपेत, रात्रभर मोजण्यात आला. 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विमान डोक्यावरून गेलं की माणूस जागा झाला नाही तरी त्याचा रक्तदाब वाढत होता. ट्रकचा आवाज आला, जोडीदार घोरला, तरीही वाढत होता. वर्षानुवर्षं तिथे राहणारी माणसं होती ती. सवय होते ती जागं न होण्याची. हृदय आणि रक्तवाहिन्या त्या सवयीत पुरत्या सामील होत नाहीत. सकाळी उठल्यावर आपल्याला काही आठवत नाही, म्हणून आपण म्हणतो की त्रास झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं शयनगृहात सतत राहणारा आवाज 30 डेसिबलपर्यंत असावा आणि एकेक सुटा आवाज 45 च्या वर जाऊ नये, असं 1999 सालीच सांगितलं होतं. आपण तर आपल्या नियमापाशीही पोचलेलो नाही.

आता पहाट. चार ते साडेसहा. रेम झोपेचे सर्वांत लांब तुकडे याच वेळेत येतात. या झोपेत हातापायांचे स्नायू लुळे केलेले असतात, म्हणजे स्वप्नात धावताना माणूस खरोखर धावत नाही. कधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. याला निद्रापक्षाघात म्हणतात. अपुऱ्या आणि तुटक झोपेत तो जास्त वेळा येतो. तो निघून जातो, त्यानं इजा होत नाही, आणि भूतबाधेशी त्याचा संबंध नाही. उलट प्रकारही असतो. उतारवयात काही माणसं स्वप्नातली मारामारी अंथरुणात प्रत्यक्ष करतात, लाथा झाडतात, शेजारच्याला लागतं. घरात ते हसण्यावारी नेतात. नेऊ नये. पुढे येऊ शकणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची ती फार आधीची खूण असू शकते आणि तिच्यासाठी मज्जाविकारतज्ज्ञाकडे जायला हवं.

या पहाटेच्या झोपेवर उपनगरात सर्वांत मोठा हक्क पाण्याचा आहे. पालिकेचं पाणी भागाभागाला ठरावीक वेळी येतं, आणि काही भागांची वेळ पहाटेची आहे. मुलुंड आणि वांद्रे भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग पालिकेनं हाती घेतला होता. त्याकडे लोकांनी पाण्याची योजना म्हणून पाहिलं. माझ्या दृष्टीनं ती झोपेची योजना होती. चाळीत, वस्तीत, जुन्या इमारतीत पाण्यासाठी उठणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असते. ती चारला उठते, पिंपं भरते, मग डबे, मग मुलं, मग आठची गाडी. रात्री झोपायला तिला अकरा वाजतात. तिच्या झोपेतून रोज शेवटचा फेरा कापला जातो आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

या कापलेल्या झोपेची किंमत कळावी म्हणून एक गोष्ट सांगते. 1997 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात सलग सतरा तास जागलेल्या माणसांच्या हातांची आणि नजरेची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसांइतकी घसरलेली दिसली. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे चारला उठून रात्री नऊला रिक्षा चालवणारा माणूस त्या सतरा तासांत पोचलेला असतो. नाकाबंदीत त्याच्या तोंडाला लावलेलं यंत्र काही दाखवणार नाही.

पाण्यानंतर आवाजांची रांग लागते. दुधाच्या क्रेट जमिनीवर आपटतात. पंप सुरू होतो. पहिल्या कुकरची शिट्टी होते. कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचा भोंगा लागतो. भोंग्याबद्दल मी जपून आणि स्पष्ट लिहिते. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये निकाल दिला. ध्वनिवर्धक वापरणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असं त्यात आहे. हे सगळ्या धर्मांना लागू आहे. माझ्या घरात रोज देवपूजा होते. देवाला ऐकू जावं म्हणून शेजाऱ्याला उठवायची गरज पडलेली नाही.

मग बागेतली मंडळी येतात. हास्यक्लबची चळवळ आपल्या अंधेरीतच, लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केली आणि ती जगभर पसरली. याचा मला अभिमान आहे. ज्येष्ठांची पहाटे लवकर उठण्याची वेळ हा त्यांचा हट्ट नसतो. वयानुसार शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं, गाढ झोप कमी होते, जाग लवकर येते. पण बागेभोवतीच्या इमारतींत पहिल्या मजल्यावर माणसं राहतात. साडेपाचला खिडकीखाली दोन्ही हात वर करून हसण्याऐवजी सातला हसलं, तर आरोग्यात काहीच उणं होत नाही.

मुलांचं घड्याळ नेमकं उलट. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते मागे सरकतं. झोप येण्याचं संप्रेरक, मेलाटोनिन, मोठ्या मुलांत रात्री उशिरा स्रवू लागतं. अकराच्या आधी त्यांना झोप येत नाही, यात मोबाइलचा वाटा आहे, पण वयाचाही आहे. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तत्कालीन राज्यपालांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडल्यानंतर हा निर्णय झाला. चांगला झाला. पण लहान मुलं तशीही लवकर झोपतात आणि लवकर उठतात. ज्यांना नऊची सर्वांत जास्त गरज आहे ती सातवी ते दहावीची मुलं आजही अनेक शाळांत सातच्या सत्रात बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 सालीच सांगितलं, की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत. आपल्याकडे पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणतात. तो त्याच्या शेवटच्या रेम फेऱ्यातून ओढून आणलेला असतो.

इथपर्यंत झोप बाहेरून मोडणाऱ्या गोष्टी झाल्या. काही झोपा आतून मोडतात, आणि त्यांच्याबद्दलची माझी तक्रार घरच्यांशी आहे.

घोरण्याला आपण गाढ झोपेचं लक्षण मानतो. ‘काय मस्त झोपलाय’ असं कौतुकानं म्हणतो. घोरणं म्हणजे घशातली वाट अरुंद झाल्याचा आवाज. काही माणसांत ती वाट पूर्ण मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, मोठा घुसमटलेला श्वास येतो, आणि पुन्हा तेच. तासाला असे पाचपर्यंत प्रकार चालून जातात. तीसच्या वर गेले की आजार तीव्र. असा माणूस रात्रभर अंथरुणात असतो आणि गाढ झोपेपर्यंत पोचतच नाही. सकाळी डोकं दुखतं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात, रक्तदाबाच्या गोळ्या वाढत जातात.

हे कुठल्या तरी परदेशातलं नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांचा अभ्यास केला आणि 2004 साली तो प्रसिद्ध झाला. ती आजारी म्हणून आलेली माणसं नव्हती. त्यात 26 टक्के नियमित घोरणारे निघाले. झोपेत श्वास अडण्याचा प्रकार अंदाजे 19.5 टक्के पुरुषांत, आणि दिवसा पेंग येण्याच्या त्रासासह तो 7.5 टक्क्यांत आढळला. म्हणजे लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावर आणि आजूबाजूला बसलेल्या मध्यमवयीन पुरुषांत हा आजार असलेला कुणीतरी असणारच. त्यावर उपायही जुना आहे. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे आणलं. वजन उतरवल्यानं अनेकांना फरक पडतो. तपासणीसाठी एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचं असतं. हे सगळं उपलब्ध असताना बायको वर्षानुवर्षं दुसऱ्या खोलीत झोपायला जाते आणि नवऱ्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

बायकांच्या पायांचंही तसंच. संध्याकाळी आणि रात्री आडवं झालं की पायात ओढ लागते, वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. हा अस्वस्थ पायांचा विकार आहे, आणि शरीरातलं लोह कमी असणं हे त्याचं एक प्रमुख कारण आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. पाय दुखतात म्हणणाऱ्या बाईला ‘दिवसभर उभी असतेस ना’ असं सांगून गप्प करण्याआधी तिच्या रक्तातलं लोह तपासावं.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणारी वर्तनोपचाराची पद्धत आहे, हे आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे शेजारी त्याला आपली उरलेली गोळी देतात.

आणि शेवटी रात्रपाळीची माणसं. अंधेरीचं सीप्झ 1973 पासून आहे. मालाड, पवईच्या कार्यालयांत परदेशाच्या वेळेनुसार रात्रभर फोन चालतात. रुग्णालयं, पोलीस, टॅक्सी, बेकरी, सुरक्षारक्षक सगळे त्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीला 2007 साली आणि पुन्हा 2019 साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. या माणसांची रात्र सकाळी नऊला सुरू होते. त्या वेळी शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स कापायची परवानगी असते, भंगारवाला ओरडतो, गॅसची घंटा वाजते. नियमातल्या दहा ते सहामध्ये त्यांना जागाच नाही. आपण त्यांच्या दारावर ‘झोपले आहेत’ अशी पाटी पाहिली तरी घंटा वाजवून विचारतो, की झोपलेत का.

झोपेच्या हक्काला न्यायालयांनी मान दिलेला आहे. 2012 साली रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं झोपेला जगण्याच्या हक्काशी जोडलं. एप्रिल 2024 मध्ये, एका 64 वर्षांच्या माणसाची रात्रभर चौकशी झाल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती नाकारणं म्हणजे मानवी हक्काचा भंग आहे. तपास यंत्रणेला जे करायला मनाई आहे, ते सोसायटीतल्या पंपानं, रिव्हर्सच्या भोंग्यानं आणि शाळेच्या वेळापत्रकानं रोज करावं, हे मला पटत नाही.

न्यायालयापर्यंत प्रत्येक खुर्ची नेता येणार नाही, आणि नेऊही नये. त्यासाठी सोसायटी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे पार्किंग, गळती आणि रंगकाम यांवर दरवर्षी भांडण होतं. यंदा विषयपत्रिकेत झोप हा विषय लेखी द्या. पंपाला वेळ बांधणारं यंत्र आणि खाली रबराची गादी. रात्री दहानंतर रिव्हर्सची धून बंद. विंगेच्या नावावर दिवा. खुर्च्यांना टोप्या. पुनर्विकासाच्या करारात रात्रीच्या कामाच्या तारखा आणि वेळा. रात्रपाळीच्या घरांची यादी वॉचमनकडे, म्हणजे दिवसाची पार्सलं तो खालीच ठेवून घेईल. यातलं काहीही महाग नाही. कुणी हसलं, तर त्याला विचारा, तुमच्या घरात कोण घोरतं. ठराव मांडा, अनुमोदक आधी ठरवून जा, आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.